वर्तणूक उत्तम

आमच्या लाँड्रीत तो कामाला लागला त्याच दिवशी मी त्याची थट्टा केली होती. "सैन्यात होतास ना? मग इथं चादरी धुवायला कशाला आलास? वर जा, पेशंट हो. आयतं जेवण, आयती गादी, आणि चादरी आम्ही धुऊन देणार." आमचं रुग्णालय माजी सैनिकांसाठीच आहे. तो खाली बघत म्हणाला, "मला वर घेत नाहीत, ताई. माझा कागद वाईट आहे."

तो कागद मी पुढे पाहिला. सैन्यातून बाहेर पडताना प्रत्येकाला एक मिळतो. तो चांगला असला तर रुग्णालयाचं कार्ड होतं. याच्या कागदावर लिहिलं होतं, बेशिस्तीमुळे सेवेतून कमी. त्यामुळे कार्ड नाही. नोकरी मात्र मिळाली, कारण रक्ताच्या आणि मुताच्या चादरी उचलायला कोणी कोणाचे कागद बघत नाही.

सगळे त्याला फौजी म्हणायला लागले. आधी चिडवायला, मग सवयीनं.

बेशिस्त काय केली, तेही सांगते. हा ट्रक चालवायचा. याच्या पुढचा ट्रक सुरुंगावर गेला आणि त्यात याचा जिवलग मित्र गेला. तीन महिन्यांनी हा रजा न घेता निघाला आणि त्या मित्राच्या गावी पोचला. त्याच्या आईच्या घरासमोर बसथांबा होता. तिथं हा अठरा दिवस बसून होता. रस्ता ओलांडून दार वाजवायचं धाडस काही झालं नाही. मग आपल्याच पायांनी परत आला, पण ट्रकच्या स्टिअरिंगला हात लावायला तयार होईना. वरिष्ठांनी दोन गुन्हे लावले आणि घरी पाठवला. याला काय होतंय, हे विचारायला कोणाला फुरसत नव्हती.

काम करताना मात्र त्याच्याकडे बघत राहावं. चादरीची घडी अशी घालायचा की चारी कोपरे जुळलेच पाहिजेत. पण आमचं मशीन जुनं. पिळताना ओल्या चादरी ड्रमच्या एका बाजूला गोळा झाल्या की मशीन धाडधाड आपटतं. आम्ही बंद करतो, चादरी मोकळ्या करतो, परत लावतो. फौजी त्या आवाजासरशी फरशीवर पालथा पडायचा, डोक्यावर दोन्ही हात. पहिल्यांदा बायका हसल्या. मी एकीला अशी झापली की पुन्हा कोणाचे दात दिसले नाहीत.

तसं झालं की तो कोठीत जाऊन आतून कडी लावायचा. कधी तासभर, कधी पाळी संपेपर्यंत. मी हजेरीपटावर त्याला हजर लावायचे. हजेरीपट माझ्या ताब्यात, मी कोणाला विचारणार होते? चार वर्षं असं चाललं. मला वाटायचं, मी पुण्य जोडतेय.

मग एका सोमवारी तो आला तो पांढराफटक पडून. रविवारी दुपारी तो झोपला होता आणि आईनं चहाला म्हणून खांदा हलवला. जाग आली तेव्हा याचे हात तिच्या गळ्यावर होते. "तिच्या गळ्यावर वळ उठलेत, ताई," तो म्हणाला. "ती म्हणते, काही नाही रे. मी आता जिन्यात झोपतो. तिला दाराला कडी लावायला सांगितलीये." बाहेरच्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या, त्यांनी तर तो आणखीच गाढ झोपेत लढत होता. त्याला लागणारे मनाच्या आजाराचे डॉक्टर आमच्याच दुसऱ्या मजल्यावर बसत. त्यांच्या मजल्यावरचे अभ्रे आम्हीच धुवायचो.

मी तडक दुसऱ्या मजल्यावरच्या समुपदेशक बाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, कागद बदलून मिळू शकतो. असे कागद तपासणारं सैन्याचं एक मंडळ असतं, त्याच्याकडे अर्ज करायचा. बेशिस्त आजारामुळे झाली हे पटलं तर कार्ड मिळेल. सोबत जवळून ओळखणाऱ्या कोणाचं तरी पत्र हवं, बंद पाकिटात. "तुम्हीच लिहा," त्या मला म्हणाल्या. "जे पाहिलंत ते."

मी तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिलं. माणसासाठी चिठ्ठी लिहायची म्हणजे त्याचं चांगलं लिहायचं, एवढंच मला ठाऊक. नोकरीसाठी, भाड्याच्या खोलीसाठी मी आजवर तशाच लिहिल्या होत्या. तशीच ही लिहिली. वक्तशीर. निर्व्यसनी. शांत स्वभाव. चार वर्षांत एकही खाडा नाही, एकही भांडण नाही. वर्तणूक उत्तम. कोठीचं लिहिलं नाही. बिचाऱ्याच्या अंगावर एक डाग आहेच, दुसरा मी कशाला लावू? वर शहाणपणा म्हणून हजेरीपटाच्या नकला जोडल्या आणि पाकीट चिकटवून टाकलं.

पाच महिन्यांनी उत्तर आलं. जेवणाच्या सुट्टीत त्यानं ते माझ्यापुढे ठेवलं. लिहिलं होतं: अर्जदार गेली चार वर्षे नियमितपणे, शांतपणे व जबाबदारीने काम करीत असल्याचे त्याच्या वरिष्ठांच्या पत्रावरून व हजेरीपटावरून दिसून येते. मानसिक विकाराचा पुरावा आढळत नाही. सबब तत्कालीन गैरवर्तन हेतुपुरस्सर होते असे मानण्यात येते. अर्ज फेटाळण्यात येत आहे.

मी दोनदा वाचलं. आजारी आहे हे दाखवायला दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरचा कागद हवा, आणि त्या डॉक्टरकडे जायला कार्ड हवं. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना. त्या मंडळाला मी तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. पण फासाची दोरी माझ्याच हातची होती. अक्षर सुद्धा किती छान काढलं होतं मी.

"पुन्हा अर्ज कर," मी म्हणाले. "या वेळी मी खरं लिहिते. कोठीचं, मशीनचं, सगळं."

तो म्हणाला, "मग चार वर्षांचा हजेरीपट?"

हजेरीपट खोटा होता हे मलाच लिहून द्यावं लागणार होतं. निवृत्तीला मला चौदा महिने होते. "बघू काय होतं ते," असं मी लगेच म्हणायला हवं होतं. मी डब्याचं झाकण लावत बसले. त्याला ते दिसलं.

"राहू द्या, ताई," तो म्हणाला. आवाजात राग असता तर बरं झालं असतं. "फक्त तुमच्या त्या पत्राची एक प्रत द्या. आईला वाचून दाखवतो. माझ्याबद्दल चांगलं लिहिलेलं तिनं कधी ऐकलंच नाहीये."

माझ्याकडच्या कच्च्या खर्ड्यावरून मी प्रत काढून दिली. ऐकून आई रडली, असं त्यानं दुसऱ्या दिवशी सांगितलं. तो अजून जिन्यातच झोपतो.

या गोष्टीला आता सात महिने झाले. दुसरं पत्र मी अजून लिहिलेलं नाही.