रंगवलेल्या खिडकीतल्या बाई

मंडळी, दुपारपासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहूनच टाकते.

इथे टोकियोत ऑफिसांच्या भागात एक इटालियन गल्ली आहे. पिवळ्या-गुलाबी इमारती, कमानी, फरसबंद चौक. इटलीला जाणं काही जमत नाही, म्हणून मी तिथे स्केचिंग करायला जाते. रविवारी चिटपाखरूही नसतं.

गेल्या वर्षी आई पुण्याहून आली होती, तेव्हा तिलाही नेलं होतं. चौकात उभी राहून तिने वर बघत हात हलवला.

"अगं आई, इथे अनोळखी लोकांना असा हात नाही करत!"

"असू दे गं. त्या खिडकीतल्या बाईंनी आधी केला."

मी हसले, हात हलवतानाच तिचा फोटो काढला. मी स्वतः मात्र वर बघितलं नाही.

पावसाळ्यात आई गेली. तोच फोटो आता हार घालून आमच्या हिगाशी-कसाईच्या घरात आहे.

आज लेकीला, ओवीला, आजीची ती जागा दाखवायला नेलं. तिने वर बघितलं आणि जपानीतच म्हणाली, "दारे मो इनाई." कोणीच नाहीये.

खरंच नव्हतं. अहो, तिथून वर एकच खिडकी दिसते, आणि ती खिडकीच नाहीये! भिंतीवर रंगवलेली आहे, इतक्या वेळा येऊनही मी कधी नीट बघितलं नव्हतं. बंद हिरवी दारं, खाली कुंडी, सगळा नुसता रंग. बाई कुठेच नाही. आणि आईला तर चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवता यायचा.

घरी आल्यापासून फोटोकडे बघतेय. ओवी म्हणते, काढून ठेव. पण आईचा चेहरा किती खुललाय त्यात, खूप वर्षांनी माहेरचं कोणी दिसावं तसा.

सांगा ना, कोणाला हात केला असेल तिने?