चौतीस इंचांची वाटणी

डोंगरकडा गावात स्वप्निलएवढा कष्टाळू शेतकरी शोधून सापडायचा नाही. पेरणी असो, नांगरट असो, गव्हाची कापणी असो, मागं हटणं माहीत नाही. फक्त हे सगळं तो कॉम्प्युटरवरच्या गेममध्ये करतो. घरच्या खऱ्या रानात भाड्याचा ट्रॅक्टर येतो आणि त्याच्यामागं सटवाजीआबा ओरडत फिरतात. त्यांचा हा एकुलता एक लेक दिवसभर खतबियाण्याच्या दुकानात बसून लोकांना फवारणीचे सल्ले देतो आणि संध्याकाळी खुर्चीत बसून परदेशातलं कुठलंसं काळंभोर रान नांगरून काढतो. पायाला ढेकूळ लागत नाही, तरी उठताना कंबर धरून ‘आई गं’ म्हणतो.

यंदा श्रावणात त्याच्या जुन्या मॉनिटरमध्ये पाल शिरली आणि दोघांचाही एकदमच शेवट झाला. नर्मदाबाईंना, म्हणजे त्याच्या आईला, पालीचं जास्त वाईट वाटलं.

आता नवा कोणता घ्यायचा? साधा सत्तावीस इंची, की अल्ट्रावाइड, म्हणजे चौतीस इंची, लांबलचक, दोन्ही कडांनी जरासा आत वळलेला? या प्रश्नापायी स्वप्निलनं जेवढे व्हिडिओ पाहिले तेवढ्या मुली लग्नाच्या वेळी पाहिल्या नव्हत्या. कोमलला तर त्यानं चहा निवायच्या आत होकार दिला होता.

शेजारच्या दुकानात मोबाइलची कव्हरं विकणारा त्याचा दोस्त रत्नपाल. त्याचा सल्ला क्रिकेटच्या मैदानावरून आला.

“वाइड म्हंजे काय? चुकीचा बॉल. अन् अल्ट्रावाइड म्हंजे लईच चुकीचा. अंपायर हात पसरून सांगून राहिला, तरी तुला तोच पायजे व्हय?”

“अरे, त्याच्यात ट्रॅक्टरच्या दोन्ही बाजूचं नांगरलेलं तास दिसतंय.”

“खऱ्या रानात मान वळवली की दिसतंय.”

“मान दुखती ना पण,” स्वप्निल कळवळून म्हणाला.

खरी अडचण घरात होती. कोमल तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करत होती. या पदाला हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. गावात मात्र तलाठीच. तिचा ऑनलाइन क्लास रोज संध्याकाळी, नेमका स्वप्निलच्या नांगरटीच्या वेळेला. मोबाइलवर सर काडेपेटीतल्या काडीएवढे दिसायचे आणि त्यांनी फळ्यावर लिहिलेलं दिसायचंच नाही.

“लांब आणा नाहीतर आखूड आणा,” ती म्हणाली, “मला काय उपयोग त्याचा? परीक्षा तोंडावर आलीय.”

स्वप्निल हावरटपणानं बोलून गेला, “एवढा रुंद आहे, अर्धा तुझा!”

बाजेवर सुपारी कातरत बसलेल्या सटवाजीआबांचा अडकित्ता थांबला. चुलतभावांशी बांधावरून भांडण्यात त्यांची हयात गेलेली. ‘अर्धा’ हा शब्द त्या घरात कुणी गमतीनं वापरत नसे.

“मंग वाटणी रीतसर व्हायला पायजे,” ते म्हणाले. “एकानं वाटे घालायचे, दुसऱ्यानं आधी उचलायचं. आपल्यात तसंच आहे.”

अल्ट्रावाइड घरी आला. स्वप्निलनं वाटे घातले, कोमलनं उजवा उचलला. नर्मदाबाईंनी नव्या वस्तूला हळदीकुंकू वाहताना वरच्या पट्टीवर बरोबर मध्यावर कुंकवाचं बोट टेकवलं. तोच बांधाचा दगड ठरला. घर सुखी झालं आणि स्वप्निल दुःखी झाला. कारण डाव्या अर्ध्यात त्याचं रान चौकोनी व्हायचं आणि ट्रॅक्टरचं बोनेट तेवढं दिसायचं. ज्या रुंदीसाठी जीव टाकला ती बायकोच्या वाट्याला आणि तिच्यात सर उभे!

मग त्यानं जे केलं ते त्याच्या रक्तातच होतं. बांध कोरायला सुरुवात केली. गेमची खिडकी आज बोटभर उजवीकडे, उद्या आणखी बोटभर, क्लासच्या खिडकीवर सरकवत नेली. आधी सरांचा एक कान गेला. मग खांदा. शेवटी एका संध्याकाळी सरांनी फळ्यावर ‘अतिक्रमण’ लिहिलं आणि कोमलला नुसतंच ‘क्रमण’ दिसलं. त्यातला ‘अति’ स्वप्निलच्या नांगराखाली गेला होता.

“मामा!” तिनं सासऱ्यांना हाक मारली. “जरा इकडं या. पंचनामा करायचाय.”

आबा आले. चष्मा लावून कुंकू पाहिलं, मग खिडकीची कड पाहिली. मधल्या जागेला बोटं लावून मोजलं. त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. चुलतभावांच्या बांधातून दरसाल नांगराचं एक तास आपल्या रानात ओढणारा माणूस तो. पोराकडं त्यांनी ज्या नजरेनं पाहिलं तिच्यात राग थोडा आणि निराशा फार होती.

“स्वप्निल्या, येड्या, बांध असा कोरतात काहून? रोजच्या रोज? अरे, वर्षाला एक तास घ्यायचं! समोरच्याला वाटलं पायजे, पावसानंच गेला.”

“आबा, तुमी तिच्या बाजूनं हाव का माझ्या?”

“मी रीतीच्या बाजूनं. बांध सरकवणाऱ्याचा हक्क गेला. आता कोमलनं म्हणायचं, कोणाला काय.”

कोमलनं विचार करायचा आव आणला. भावी अधिकाऱ्याला तो आणावाच लागतो.

“मला पूर्ण पडदा पाहिजे,” ती म्हणाली. “एका बाजूला सर, दुसऱ्या बाजूला गावचा नकाशा. परीक्षा होईस्तोवर. तुमी दुसरा आणून लावा कॉम्प्युटरला.”

“पण हा मी निवडलेला…”

“अन् मी उचललेला.”

आबांनी मान डोलावली. नर्मदाबाईंनी निकाल लागल्यासारखा चहा ठेवला. एवढा विस्तीर्ण पडदा, पंधरा दिवस झुरून निवडलेला, आता त्याच्यावर जमिनीच्या फेरफाराचे नियम दिसणार होते.

दुसऱ्या दिवशी तो हिंगोलीला गेला. आठवडाभरापूर्वी ज्यानं खांद्यावर हात टाकून अल्ट्रावाइडचं अभिनंदन केलं होतं, तोच दुकानदार उठून सामोरा आला.

“या, या! काय म्हणतोय मॉनिटर? पुन्हा तसाच देऊ का? त्याच्याहून रुंदपण आलाय.”

“रुंद नको,” स्वप्निल घाईघाईनं म्हणाला, “ज्याची वाटणी होत न्हाई असा दे.”