लिस्बनच्या वाटेवरचा घाट

हेलसिंकी आणि लिस्बन या दोन शहरांच्या मध्ये घाट नाही. हे मला आता माहीत आहे.

झालं असं, की मला एका सेमिस्टरसाठी लिस्बनला जायचं होतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाबा न्यू जर्सीत वेस्ट विंडसरजवळच्या इंडियन ग्रोसरीत काम करतात, आई पोळ्यांच्या ऑर्डरी घेते, आणि मी काहीही बोलले की दोघंही मान डोलावतात. (या सवयीनेच पुढे घात केला.) पण लिस्बनचं नाव काढताच आईची मान थांबली. तिथे आपलं कोण आहे? आजारी पडलीस तर खिचडी कोण करून घालेल?

आपलं माणूस अख्ख्या युरोपात एकच: हेलसिंकीत नोकरी करणारा माझा मावसभाऊ, मंदारदादा. मी लगेच लॅपटॉप उघडला. विमान तिथून दुपारी चारला निघतं, लिस्बनला पावणेसातला उतरतं.

"पावणेतीन तास," मी जाहीर केलं. "ट्रॅफिक असेल तर आपल्याला न्यू यॉर्कला क्वीन्सच्या आत्याकडे जायला एवढाच वेळ लागतो."

आई विरघळायला आली होती. तेवढ्यात बाबांनी विचारलं, "आणि परत जायला?"

मी बघितलं. साडेसहा तास.

"येताना पावणेतीन आणि जाताना साडेसहा?" आई म्हणाली. "मध्ये घाट आहे का?"

मी इथेच थांबायला हवं होतं. पण कॉलेजात दोन वर्षं काढल्यावर 'माहीत नाही' म्हणणं फार जड जातं. "वारा," मी म्हणाले. "जाताना समोरून येतो." मुंबईच्या फ्लाइटलाही जाता-येता फरक पडतो, हे दोघांना ठाऊक होतं, त्यामुळे वारा पटला. इतका पटला, की बाबा दुकानात गिऱ्हाइकांना तो समजावून सांगू लागले. एका इंजिनिअर काकांनी शंका काढली, तर बाबांनी माझ्या कॉलेजचं नाव सांगून त्यांना गप्प केलं!

आईने तर पुढची व्यवस्थाच लावली. रविवारी मंदारदादाला व्हिडिओ कॉल करून म्हणाली, दर शनिवारी हिच्याकडे जेवायला येत जा. फक्त परत जाताना वारा लागतो, तेव्हा जरा लवकर नीघ.

दादाने मनगटावरचं घड्याळ कॅमेऱ्यासमोर धरलं.

"मावशी, कसला वारा? लिस्बनचं घड्याळ इथल्यापेक्षा दोन तास मागे आहे, बस. येता-जाता दोन्ही वेळा पाचेक तास लागतात. तुम्ही न्यू जर्सीहून डेन्व्हरला जेवायला जाता का?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. पुण्याला आजीला फोन लावायच्या आधी तिथे किती वाजले असतील, ते आमच्याकडे मी तिसरीत असल्यापासून मीच सांगते.

"टाइम झोन्स, ताई," माझी सातवीतली बहीण आयपॅडमधून मान वर न करता म्हणाली. "सिरियसली?"

गेलं लिस्बन, असं मी मनाशी म्हटलं. बाबांनी घसा साफ केला. "तिथे शिकणार काय होतीस तू?"

"ट्रान्सपोर्टेशन प्लॅनिंग," मी लॅपटॉपला सांगितलं.

"म्हणजे?"

"माणसं एका गावाहून दुसऱ्या गावाला किती वेळात पोचतात... ते."

आईने फोनमधल्या दादाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"जाऊ दे हिला," ती म्हणाली. "गरज आहे."