मोठा परिवार

तामसीचे महिपत मास्तर शाळेत पोरं शिकवायचे आणि नांदेडच्या एका पेपरला बातम्या पाठवायचे. पोट शाळेवर, पण गावात मान पेपरमुळे.

आता बातमीत ‘परिवार’ हा शब्द कुठं कुठं घुसतो म्हणता! पुढारी फुटला की दुसऱ्या ‘पक्ष परिवारात’ त्याचं स्वागत. बस उलटली की ‘परिवारावर शोककळा’. पेपरचा वाढदिवस आला की फुकटात राबणारे मास्तरही ‘आमच्या परिवाराचे सदस्य’. आणि माणूस मेला की हमखास, ‘पश्चात मोठा परिवार आहे.’ भावाभावांत डोकी फुटलेली असोत, म्हातारा शिळ्या तुकड्यावर मेलेला असो, मेल्यावर परिवार मोठाच. मास्तरांनी उभ्या जन्मात कुणाचा लहान लिहिला नाही.

त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र दोनच माणसं. बायकोची, चंद्रभागाबाईंची, कूस उजवली नाही, आणि माहेरही तुटलेलं. मास्तरांच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा मुधोळला तिच्या भावाचं, डोमाजीचं लग्न निघालं. तिथं जावयाला टोपी-दुपट्टा द्यायचा राहिला, आणि हे महाशय बायकोला घेऊन भरल्या पंगतीतून उठले. पुन्हा ना येणं, ना जाणं. एका टोपीपायी! बाई कधी भांडली नाही. भाऊबीजेला ती चंद्राला ओवाळायची, भाऊ नसलेली बाई ओवाळते तशी.

पुढं ती तापानं गेली. जाताना म्हणाली, “माया भावाले कळवजा. येईल तो.”

मास्तर चिठ्ठी लिहायला बसले, पण कोणत्या तोंडानं लिहिणार? शेवटी त्यांनी बातमीच लिहिली. मुधोळला पेपर जातो, डोमाजी वाचेल. नाव, गाव, माहेर लिहिलं, आणि खाली ‘पश्चात पती आहे’ एवढंच. पाकीट बसमधून नांदेडला गेलं.

छापून आलं ते असं: ‘त्यांच्या पश्चात पती, मुले, सुना, नातवंडे असा मोठा परिवार आहे.’ पेपरच्या कचेरीतल्या बाबूचा हात सवयीनं चालला होता. मास्तर पेपर हातात धरून भिंतीला टेकून बसले. घर खायला उठलं होतं. डोमाजी आला नाही तर बाईचं शेवटचं मागणंही आपल्याच हट्टापायी राहिलं, ह्याच विचारात त्यांनी रात्र काढली.

दुसऱ्या दिवशी डोमाजी आला. डोक्यावर हे एवढं टोपलं. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून त्याच्या बायकोनं साऱ्या घरादाराला पुरतील इतक्या भाकरी थापून दिल्या होत्या, सोबत पिठल्यानं भरलेला गंज. टोपलं ओट्यावर ठेवून त्यानं मास्तरांना मिठी मारली, आणि दोघंही पोरासारखे रडले.

मग डोळे पुसून डोमाजी म्हणाला, “दाजी, चंद्रीचा संसार भरला, हे तरी पेपरातून समजलं. रातभर तेच मनात घोकून राह्यलो. मी कसला मामा? भाच्यायची तोंडं नाही पाह्यली. बलवा ना त्यायले. कुठी हायत सारे?”

“कोनी नाही, डोमाजीभाऊ. लेकरू झालंच नाही आमाले.”

डोमाजीनं ओट्यावरच्या टोपल्याकडं पाहिलं. “मंग पेपरात मोठा परिवार काऊन लिहिला?”

“ते आमी साऱ्याईलेच लिहितो,” मास्तर म्हणाले.