लाल-निळा डबा

ही गोष्ट सांगायचं मी आजवर टाळत आलो. मुलीने दोनदा विषय काढला, तेव्हा मी चहा ठेवायला उठलो. घरी येणारा कुणी टीव्हीखालच्या खणात पडलेला काळा गेम पाहून विचारतो, तेव्हा तो नातवाचा आहे असं मी सांगतो. तो नातवाचा नाही. तो मी माझ्या बायकोसाठी आणला होता, आणि तिला तो नको होता.

मुलगी जर्मनीत असते. नातू नऊ वर्षांचा असताना एका उन्हाळ्यात ती दोघं महिनाभर नागपूरला होती. दुपारी बाहेर पडायची सोय नव्हती. कूलरसमोर चटई टाकून आजी-नातू त्याचा हातातला व्हिडिओ गेम खेळत बसायचे. मधोमध पडदा, एका बाजूला लाल मूठ, दुसऱ्या बाजूला निळी. मुठी सरकवून काढता येत. पडदा पाटावर उभा करायचा, लाल मूठ नातवाच्या हातात, निळी आजीच्या. गेममध्ये त्याचं एक छोटं गाव होतं. जमीन खणायची, पेरायचं, पाणी घालायचं. फोनवर "हाय आजी" एवढं बोलून पळणारा तो मुलगा त्या गावात शिरला की बडबडायला लागायचा.

बायको भिवापूरची, मिरचीसाठी नावाजलेल्या गावची. तिने एकदा पडद्यावर बोट ठेवून विचारलं, "हे काय लावून राहिला गा?"

"मिरची, आजी."

"अशी असते का मिरची? आमच्या गावचे लोक हसतीन तुले. अन् पाणी कमी कर, सडून जाईन."

"आजी, गेममध्ये काही सडत नाही."

"मंग ते कायची शेती."

तो पोट धरून हसला. जाण्याआधी त्याने आपल्या घराशेजारी एक झोपडी बांधली, पुढे मिरचीचा वाफा केला आणि सांगितलं, "हे आजीचं घर. आजी, तू पण असा गेम घे. मग तू इकडून माझ्या गावात येऊ शकतेस."

दिवाळीच्या सुमारास तिच्या मूत्रपिंडांनी काम थांबवलं. दिवसाआड डायलिसिस सुरू झालं. डाव्या हातात सुया, तो हात हलवायचा नाही, आणि तास न् तास छताकडे पाहत पडून राहायचं. मी शेजारच्या स्टुलावर पेपर वाचत बसायचो. एक दिवस ती म्हणाली, "अहो, ऐकून राहिले का? तो पोराजवळ आहे ना लाल-निळा डबा, तो मले घेऊन द्या. तोच, बरं का. दुसरा नको."

लग्न झाल्यापासून तिने अशी वस्तू मागितल्याचं मला आठवत नाही. साडीसुद्धा "तुम्हाले बरी वाटते ते घ्या" म्हणायची.

माझी सगळी नोकरी सरकारी भांडार विभागात गेली. खुर्चीपासून केबलपर्यंत सगळं मीच विकत घ्यायचो आणि तुलना केल्याशिवाय कशावरही सही करायचो नाही. निवृत्तीनंतरही ती सवय सुटली नाही. शेजारीपाजारी फ्रिज घेताना मला विचारायचे, आणि त्याचा मला अभिमान होता. सीताबर्डीच्या बाजारात दुकानदाराने दोन गेम समोर ठेवले. एक लाल-निळा. दुसरा वेगळ्या कंपनीचा, काळा, एकसंध. काळ्याचा पडदा मोठा, वेग जास्त, साठवण जास्त, आणि शेतीचा तोच गेम त्यातही चालत होता. लाल-निळा त्याच्यापुढे खेळणं वाटत होता. तिचे शब्द मला आठवत होते, हे मुद्दाम लिहितो. विसरलो असतो तर निदान तेवढी सबब राहिली असती. तिला यातलं काय कळतं, असं मनात म्हणालो आणि काळा उचलला.

तिने खोका उघडला, काळा गेम उलटसुलट करून पाहिला. डायलिसिसला बसल्यावर गेम हातात घेतला. तो जड होता. मुठी निघत नव्हत्या, त्यामुळे सगळं वजन उजव्या मनगटावर यायचं. मी पोटावर उशी ठेवून दिली.

"यात त्याचं गाव कुठे आहे?" तिने विचारलं.

मी बराच वेळ शोधलं. ओळखीच्या एका संगणकवाल्या मुलाला फोन केला. त्याने सांगितलं की गेम एकच असला तरी त्या यंत्रावरचं गाव या यंत्रावर उघडणार नाही. दोन कंपन्यांची दोन दारं.

तेव्हाच म्हणायला हवं होतं की माझी चूक झाली, उद्या दुसरा आणतो. पैशांची अडचण नव्हती. अडचण एवढीच होती की माझी खरेदी चुकली, हे मला त्या खोलीत, तिच्यासमोर म्हणता येईना. मी म्हणालो, "तो शाळेत असेल. तो आला की गाव दिसेल."

ती वाट पाहू लागली. एकटीच एका रिकाम्या शेतात उभी राहायची. थोडं खणायची, मनगट दुखलं की थांबायची. "आज येईन का तो?" असं दर वेळी विचारायची. मी परीक्षा सांगितली, मग सुट्टीत बाहेर गेल्याचं सांगितलं. खोटं किती वाढत चाललंय ते मला दिसत होतं आणि थांबता येत नव्हतं.

तिकडून नातवाचा फोन आला तेव्हा ती झोपली होती. "आजोबा, आजीने गेम घेतला ना? मग ती का येत नाही?"

मी म्हणालो, "आजीला तो खेळ नाही आवडत रे आता."

तो "ओके" म्हणाला. पुन्हा त्याने कधी विचारलं नाही.

तिलाही मी तसंच काहीतरी सांगितलं: तो मोठा झालाय, मित्रांत रमतो. ती म्हणाली, "रमू द्या. त्याले उगाच विचारू नका, वाईट वाटीन त्याले."

पुढच्या रविवारी व्हिडिओ कॉल झाला. फोन माझ्याच हातात होता. त्याने शाळेतलं सांगितलं, तिने जेवलास का विचारलं. दोघेही त्या गावाचं नाव काढत नव्हते. एकमेकांना जपत होते. मी खिडकीकडे तोंड फिरवलं तसा फोन हलला. ती म्हणाली, "फोन नीट धरा ना, पोरगं हलून राहिलं."

उन्हाळा लागता लागता तिने काळा गेम उशाशी ठेवणंही सोडलं. बोलणं कमी झालं, तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगितलं, ते ऐकून मी घरी न जाता थेट मेट्रोने सीताबर्डीला गेलो. लाल-निळा संपला होता. तिथून दुसऱ्या दुकानात, मग तिसऱ्या. एका ठिकाणी काचेत नमुन्याचा ठेवला होता, तोच द्या म्हणून मी हात जोडले. मालक म्हणाला, "काका, बसा पहिले. पाणी घ्या. गेमच आहे ना, उद्या मागवून देतो."

"उद्या नाही चालत," मी म्हणालो.

त्याने काचेतला काढून दिला. मी पिशवी छातीशी धरून दवाखान्यात पोचलो, तोवर तिला अतिदक्षता विभागात हलवलं होतं. पिशवी आत नेऊ दिली नाही. मी काचेबाहेर ती उंच धरून उभा राहिलो. तिचे डोळे मिटलेले होते. त्यानंतर ते उघडले नाहीत.

तिच्या तेरवीला मुलगी आणि नातू आले. एका दुपारी तो माझ्याजवळ येऊन बसला, आपला गेम उघडला आणि म्हणाला, "हे बघा." ती झोपडी तशीच होती. समोर मिरची लाल झालेली. "मी रोज पाणी घालतो. आजीला आवडत नव्हतं तरी. चालेल ना?"

माझ्या मागच्या कपाटात ती पिशवी होती. मी "चालेल" म्हणालो आणि उठून गेलो.

आता तो उंच झालाय, आवाज फुटलाय. दर रविवारी फोन येतो, कसे आहात विचारतो. मी तोंड उघडतो आणि हवापाण्यावर बोलतो. फोन ठेवल्यावर रिकाम्या खोलीत तेच वाक्य म्हणून पाहतो: बाळा, आजीला तुझ्या गावात यायचं होतं, शेवटपर्यंत ती तुझीच वाट पाहत होती. दार मी चुकीचं आणलं आणि तुम्हा दोघांशी खोटं बोललो. मला माफ कर.