न झिजणारी टोकं

तुमच्या हातचं एक काम लोक डोक्यावर घेऊन नाचतायत, आणि त्याच कामानं तुमच्या घरातला माणूस खाल्लाय. अशा वेळी तुम्ही काय कराल? पटकन उत्तर देऊ नका. मी दिलं होतं, आणि ते चुकलं होतं.

आमच्या कागद गिरणीत एक मिस्त्री होता. हुद्दा फिटरचा, पण सगळे त्याला मिस्त्रीच म्हणायचे. शाळा अर्धवट, बोलणं त्याहून अर्धवट. पण लोखंडाशी त्याचं जुळायचं. यंत्राशेजारून जाताना पावलं मंदावली की आम्ही ओळखायचो, याला काहीतरी ऐकू आलंय.

कागदाचं यंत्र म्हणजे एका टोकाला पाणचट लगदा आणि दुसऱ्या टोकाला कोरडा कागद. मधे ओला कागद जाड कापडाच्या रुंद पट्ट्यावर बसून पुढं जातो, आणि तो पट्टा रोलरांवरून फिरतो. असे चौतीस रोलर. पोकळ नळी, दोन्ही टोकांना वेल्डिंग केलेला शाफ्ट. पाण्यानं बेअरिंग गेलं की शाफ्ट खरवडला जायचा. मग पट्टा सैल करा, साखळीनं रोलर उचला, लेथवर न्या. दीड दिवस यंत्र बंद आणि साहेबांचं तोंड चालू.

मिस्त्रीनं हे सगळं बदललं. त्यानं शाफ्टचं टोक नळीपासून वेगळं केलं आणि सहा बोल्टांनी बसवलं. बेअरिंगची पेटी दोन फाकांची केली. आणि टोकावर ब्राँझचं एक कडं चढवलं. म्हणायचा, "झिजायचंच असेल तर स्वस्तातल्या वस्तूनं झिजावं. महागाची का झिजवायची?" कडं झिजलं की बोल्ट ढिले करायचे, टोक काढायचं, नवं कडं घातलेलं दुसरं टोक लावायचं. रोलर जागचा हलवायचा नाही. टोकाचं पोलाद त्यानं असं निवडलं, असं तापवून विझवलं, की ते झिजायचं नावच घेत नव्हतं.

पहिल्यांदा काम झालं ते चाळीस मिनिटांत. दीड दिवसाची चाळीस मिनिटं! डिग्रीवाले इंजिनिअर तोंडात बोट घालून बघत होते. मी युनियनचा माणूस, मला तर काय, उकळ्या फुटत होत्या. आमच्या फळ्यावर मीच खडूनं मोठ्ठं लिहिलं, 'चाळीस मिनिटं'. त्या आकड्याचं पुढं काय होईल हे कळण्याइतकी अक्कल तेव्हा मला नव्हती.

याच यंत्रावर मिस्त्रीचा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. बेअरिंगांना ग्रीस द्यायचा म्हणून त्याला तेलवाला म्हणायचे. दाजी-मेहुण्याची जुगलबंदी ऐकायला लोक डबे घेऊन जवळ बसायचे.

"दाजी, तुमचा रोलर टिकतो तेवढी तुमची चप्पल का नाही टिकत?"

"चपलेला तुझ्या ताईचा संसार ओढायचा असतो, लेका. रोलरला नुसता कागद."

"ताईला सांगतो हं."

"सांग की. तिच्यापुढं तुझीच जीभ टाळ्याला चिकटते."

आता चूक सांगतो. आम्हीच करू शकू अशी चूक. बाहेरच्याला ती सुचलीही नसती.

सहा बोल्टांपैकी तीन समोर यायचे, तीन मागं सांगाड्याच्या बाजूला. तिथं न बघता हात घालून, मान वाकडी करून पाना लावावा लागे. रोलर हातानं फिरवावा तर पट्ट्यानं आवळलेला, हलत नाही. आमच्या यंत्राला एक अगदी हळू वेग होता, पट्टा धुताना वापरायचा. त्याला आम्ही 'रांगवणं' म्हणायचो. एकदा घाई होती. मिस्त्री मशीनमनला म्हणाला, "जरा रांगव." रोलर सावकाश फिरला, मागचा बोल्ट पुढं आला. यानं पाना लावला, ढिला केला, पाना काढला. पुढचा आला. तोही ढिला. सहाच्या सहा.

"बघा," मिस्त्री हसत म्हणाला, "बोल्ट कसा पाहुण्यासारखा चालत दारात येतो."

सगळे हसले. मीही होतो तिथं. टाळी मीही दिली.

त्या दिवसापासून तीच रीत पडली. कुठं लिहिलेली नाही, कोणी हुकूम दिला नाही. बोल्ट ढिले करताना यंत्र रांगवायचं आणि टोक काढताना तेवढं थांबवायचं. चाळीसचे बत्तीस झाले. साहेबांनी ऑफिसाबाहेर फळा लावला, कोणत्या पाळीनं किती मिनिटांत केलं. आणि आम्ही शहाणे त्या फळ्यापुढं शर्यतीच्या घोड्यासारखे फुरफुरायला लागलो.

एका सकाळी फिटर कमी होते, म्हणून बोल्टांना तेलवाल्याला उभं केलं. पाना बोल्टवर अडकला, निघेना. रोलर फिरतच होता. सोडून द्यायचा ना पाना! पण हातातलं हत्यार सोडायचं नाही, ही आमची दुसरी खोड. पान्यापाठी हात गेला, हातापाठी खांदा, पट्टा आणि रोलरच्या मधे. रांगणारं यंत्र. पळणारं नव्हे, रांगणारं. थांबेपर्यंत खेळ आटोपला होता.

मिस्त्री तेव्हा वरच्या वर्कशॉपमध्ये कडी कापत होता. धावत खाली आला. स्वतःच्या हातांनी त्यानं बेअरिंगची पेटी उघडली, टोक काढलं, रोलर खाली घेतला आणि मेहुण्याला सोडवलं. कोणीतरी नंतर मूर्खासारखं बोललं, जुना रोलर असता तर दीड दिवस लागला असता. मी त्याच्या कानाखाली काढली. मला त्याचा पस्तावा नाही.

गिरणीनं लाल पाटी लावली, 'यंत्र थांबवूनच काम करावे'. शेजारी मिनिटांचा फळा तसाच. पाटी भिंतीसाठी, फळा आमच्यासाठी.

घरी काय झालं ते मिस्त्रीनं मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं. महिनाभर बायको या विषयावर बोलली नाही. मग एकदा कपड्यांच्या घड्या घालता घालता तिनं विचारलं, "ते यंत्र रांगवून बोल्ट काढायचं तुम्ही दाखवलं होतं का?"

"हो."

तिनं हातातल्या शर्टाची घडी पूर्ण केली. म्हणाली, "मग आता दुसरं काहीतरी दाखवा."

त्यानं दाखवलं. वर्षभर त्याच्यावर बसला. नव्या टोकाला सहाऐवजी चारच बोल्ट, आणि रोलर कसाही थांबला तरी चारही समोरूनच हाताला येणारे. मागं हात घालायची गरजच संपली. बोल्टांवर लोखंडी झाकण. ते उघडायचं तर सांगाड्यातून एक खुंटी रोलरच्या कडेच्या भोकांपैकी समोर येईल त्यात घालावी लागायची. रोलर फिरत असेल तर खुंटी आत जातच नाही, आणि खुंटी आत असली की यंत्राचा खटका लागत नाही. मी स्वतः करून बघितलं, यंत्र रांगवून. खुंटी खडखडली आणि बाहेर फेकली गेली. मिस्त्री माझ्या तोंडाकडं बघत होता. पहिल्या रोलरच्या वेळी त्यानं असं कोणाकडं बघितलं नव्हतं.

वेळ लागला पंचावन्न मिनिटं.

साहेबांनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाले, "छान आहे. पण जुनी टोकं चांगली असताना कशाला बदलायची? निकामी होतील तशी नवी बसवा."

आम्ही एक अख्खी पाळी दारात बसून काढली. घसा बसला. पदरात पडलं ते एवढंच, 'निकामी होतील तशी'. मी त्याला विजय समजून सगळ्यांशी हात मिळवत फिरलो. मिस्त्री मात्र तिथंच पायरीवर बसून राहिला.

"काय झालं रे? मिळालं की!"

"ती निकामी होणार नाहीत," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"कडी झिजतील. टोकं नाही झिजणार. तुझ्या माझ्या हयातीत तरी नाही. मी बनवलीत ती."

आता बघा, माणूस कसा अडकतो. वाईट काम केलं असतं तर सुटला असता. मी रागारागानं म्हणालो, "मग घाल हातोडा!" आपलं उत्तर चुकलं म्हणालो ना सुरुवातीला, ते हेच. माझ्यासाठी तो तोंडातून गेलेला एक शब्द होता. त्याच्यासाठी नाही.

काही आठवड्यांनी एका टोकाला तडा सापडला. मग दुसऱ्याला. नियमाप्रमाणे नवं टोक, झाकण आणि खुंटी बसली. लोक म्हणाले, मिस्त्रीचं पोलाद म्हातारं झालं. तो ऐकून घ्यायचा. कामात खोट काढली तर ज्याला चार दिवस जेवण जायचं नाही, तो माणूस म्हणायचा, "हो, तेव्हा जमलं नव्हतं मला नीट."

दोन वर्षांत अकरा रोलर झाले. बाराव्याला पकडला गेला. जेवणाच्या सुट्टीत वर्कशॉपमध्ये सुटं टोक शिकंज्यात धरून बारीक करवतीनं त्याच्या मुळाशी चीर पाडत होता. हेच टोक दुपारी तडकलं म्हणून पुढं येणार होतं.

चौकशीला त्याच्या बाजूनं मी बसलो. साहेबांना खरोखरच कळत नव्हतं. "तुम्हीच बनवलेलं तुम्हीच कापलंत? का?"

"झिजत नव्हतं म्हणून."

"अहो, पण चांगलं होतं ते!"

"हो साहेब. फार चांगलं होतं."

मी टेबलावर हात आपटून बोललो. बरंच बोललो. लाल पाटी काढली, फळा काढला, मेलेल्या माणसाचं नाव काढलं. मिस्त्रीनं माझी बाही ओढली. म्हणाला, "राहू दे. त्यांना एवढंच विचार, उरलेली बदलणार का?"

विचारलं. उत्तर आलं, गिरणीच्या मालाची नासधूस आणि रोलरांची रचना हे दोन वेगळे विषय आहेत. शिकलेल्यांची हीच तर खुबी, एकाच गोष्टीचे दोन विषय करतात.

त्याला यंत्रावरून काढून भांडारात टाकलं, सुटे भाग मोजायला. खिडकीतून यंत्राचा आवाज यायचा. पाना घसरल्याचा आवाज आला की त्याची मोजणी चुकायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. पुढं छातीचं दुखणं लागलं. मी भेटायला गेलो तेव्हा त्याच्या बायकोनं चहा ठेवला. भिंतीवर भावाचा फोटो नव्हता. तिला नकोच होता, कोणी बघून हळहळलेलं तिला चालत नसे. ती नवऱ्याच्या उशाशी बसली आणि माझ्यादेखत विचारलं, "अजून किती राहिलेत?"

"तेवीस."

"अकरा तर केलेत ना तुम्ही?"

त्यानं मान हलवली. हो म्हणून का नाही म्हणून, मला कळलं नाही. तिनं त्याचा हात पांघरुणात घातला.

आठ दिवसांनी तो गेला. पाळी सुटली नव्हती, त्यामुळं पोचवायला माणसं थोडी होती. यंत्र चालूच होतं. त्या दिवशीही त्याच्या रोलरचं एक कडं बदललं, आणि मी मुद्दाम जाऊन विचारलं. जुन्या टोकाचा रोलर होता. बत्तीस मिनिटं लागली.

तेवीस रोलरांची टोकं अजून तिथंच आहेत. ओरखडासुद्धा नाही, आतले सांगतात. मी आता गिरणीत नाही, मला दारातून आत घेत नाहीत. हातोडा घाला असं मी आता कोणाला सांगणार नाही. ती किंमत मी एका माणसाला मोजताना पाहिलीय. पण तुम्ही असल्या यंत्रापाशी उभे असाल, किंवा तुमच्या घरातलं कोणी उभं राहत असेल, तर एवढं करा. रोलर पुरता थांबल्याशिवाय पान्याला हात लावू नका. आणि कोणी घड्याळ दाखवलं, तर पाना त्याच्या हातात द्या आणि त्याला म्हणा, आधी तुम्ही.