हवालदारांची साक्ष

"माजी साक्ष ऱ्हायलीया." पौडच्या कचेरीत खटला कुणाचाही असो, बांधाचा नाहीतर चोरीच्या कोंबडीचा, पलटणीतून निवृत्त झालेले हवालदार दाराशी सावधान उभे राहत, कडक सलाम ठोकत आणि एवढंच म्हणत. शिपाई हसत हसत त्यांना चहाला घेऊन जाई.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याची गोष्ट सगळ्यांना पाठ असते आणि खरी कुणालाच वाटत नाही. महायुद्धात हवालदार आणि ताम्हिणीचा धोंडिबा जपान्यांच्या कैदेत होते. तिथल्या एका अधिकाऱ्याने धोंडिबाला ठार मारलं. पलटणीनं मात्र 'बेपत्ता' एवढंच कळवलं. गाव म्हणे, पळाला असेल, तिकडंच संसार थाटला असेल. धोंडिबाची आई त्याच आशेवर दिवस काढत होती.

"कोर्टात शपथेवर बोललो, तर म्हातारी मानंल," हवालदार म्हणायचे.

साठ-एकसष्टच्या सुमाराला पेपरात ती बातमी आली. लाखोंचा जीव घेणारा एक जर्मन अधिकारी दूरदेशी सापडला आणि त्याच्यावर खटला उभा राहिला तिसऱ्याच देशात. हवालदार धापा टाकत माझ्या ओसरीवर आले.

"वकीलसाहेब, गुन्हा येकीकडं, कोरट दुसरीकडं. तितं चालतंय, मंग पौडात का न्हाई?"

मी नवा वकील, हुरळलोच. त्यात आपल्याकडे नुकताच कायदा झालेला: युद्धकैद्यावरचा अत्याचार जगात कुठंही होवो, करणारा कुठलाही असो, खटला हिंदुस्थानात चालेल. मी कायद्याचं पुस्तक मागवलं. हवालदार बाजारात दिसेल त्याला अडवून सांगत, "लई मोठा कायदा झालाय." आम्हा दोघांचे पाय जमिनीवर नव्हते.

मग पुढची कलमं वाचली आणि माझं तोंड उतरलं. फिर्याद सरकारनेच करायची, तीही वरच्या कोर्टात. आणि कायद्याआधीच्या गुन्ह्याला तो लागूच नव्हता.

"मंग नुस्तं ऐकून तरी घ्या म्हनावं," हवालदार म्हणाले.

आमच्या महालकरी साहेबांना मॅजिस्ट्रेटचे अधिकार होते. भला माणूस. त्यांनी एक दिवस नेमून दिला आणि कामकाज संपल्यावर म्हणाले, "हा खटला नव्हे. पण बोला."

कचेरी गच्च भरली होती. म्हातारीला बैलगाडीतून आणलं होतं. हवालदारांनी शपथ घेतली आणि खणखणीत आवाजात सगळं सांगितलं. तळावर चार दिवस कुणाला अन्नाचा कण मिळाला नव्हता. तापाने पडलेल्या सोबत्यासाठी धोंडिबाने मूठभर तांदूळ उचलला, म्हणून त्याला सगळ्यांसमोर गोळी घातली. साहेब लिहून घेत होते.

म्हातारी उठून उभी राहिली. "त्या दिशी जेवला हुता का रं त्यो?"

हवालदार अडखळले. मग छाती काढून म्हणाले, "व्हय आई. पोटभर."

म्हातारी "बरं" म्हणून खाली बसली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा लेकासाठी रडली. साहेबांनी हवालदारांकडे एकदा पाहिलं आणि तेही लिहून घेतलं.